आधी तिथी, मग तिकीट: कोकणकिनाऱ्याचं रानजीवन पाहण्यासाठी आठ दिवसांची आखणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्लं बघायला पहिल्यांदा गेलो ते सुट्टी बघून. शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघालो, शनिवारी उजाडता उजाडता पोचलो. शनिवारची सकाळ, संध्याकाळ आणि रविवारची सकाळ, तिन्ही वेळा किनाऱ्यावर उभे होतो. कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारे गावकरी, एकेका खड्ड्यावरची टोपली उचलायचे, वाकून बघायचे आणि परत ठेवायचे. खाली नुसती वाळू. सोबतची धाकटी भाची रडवेली झाली. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, अंड्यांचे दिवस भरले की येतील पिल्लं. आपण दिवस मोजून यायचं असतं."

तेव्हापासून मी दिवस मोजून जातो. कोकणातलं रानजीवन जंगलातल्या सफारीसारखं सकाळी सहा ते दहा अशा ठरावीक वेळेला भेटत नाही. ते भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतं. खाडीतला रोहित पक्षी (फ्लेमिंगो), चिखलात ऊन खाणारी मगर, कांदळवनातली (खारफुटीच्या जंगलातली) होडी, मालवणच्या पाण्यातली प्रवाळं, या सगळ्यांची वेळ चंद्र ठरवतो. म्हणून आधी तिथी बघायची आणि मग तिकीट काढायचं. ही पद्धत एकदा हाताला बसली की तोच प्रवास, तेवढ्याच खर्चात, कितीतरी जास्त दाखवतो. खाली ठाणे खाडीपासून गोव्याच्या चोडण बेटापर्यंतची माझी आखणी क्रमाने देतो आहे.

पहिली पायरी: महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. पाणी निवळ असतं, हवा सुखाची असते आणि थंडीमुळे मगरी उन्हाला बाहेर येतात. समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडण्याचा भर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल असतो. रोहित मे महिन्यापर्यंत दिसतात. एप्रिल-मे मध्ये फणसाडच्या पाणवठ्यांवर प्राणी जास्त येतात, पण उकाडा सोसायची तयारी हवी. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रातली पर्यटनाची वाहतूक बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत किनारा सोडून घाटावर जायचं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य. सगळं एकमेकांवर येऊन मिळतं असे हेच दिवस. फक्त शिमगा कधी आहे ते बघून घ्या. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, पालखी घरोघर फिरते, घरं माणसांनी भरलेली असतात. पालखी बघायचीच असेल तर जरूर जा, तो सोहळा बघण्यासारखाच आहे. पण मग खोली दोन महिने आधी सांगून ठेवा, आणि यजमान घरच्या देवाच्या कामात असतील हे धरून चाला.

दुसरी पायरी: भरतीचं गणित शिका

हे गणित मला एका होडीवाल्या आजोबांनी शिकवलं. त्यांना घड्याळ लागत नव्हतं, भिंतीवरची दिनदर्शिका पुरत होती. रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि पहाटेही तीनच्या आसपास. त्याच्या सहा-सव्वासहा तास मागे किंवा पुढे पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी साडेपाचच्या पुढेमागे. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी एकच. अमावास्या पंधरावी धरायची.

दोन दुरुस्त्या लक्षात ठेवा. हा हिशेब दक्षिण कोकणात चांगला जुळतो. मुंबईकडे भरती त्याहून उशिरा येते, साधारण तासाभराचा फरक धरा. आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. आखणीला हा अंदाज पुरेसा आहे, पण ज्या दिवशी प्रत्यक्ष पाण्यात उतरायचं त्या दिवसासाठी छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक बघायचंच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरत नाही आणि ओढही कमी. खडकांतली जीवसृष्टी बघायची तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी हवी. पाण्याखालचं बघायचं तर भांगाचे दिवस हवेत. या एका फरकावर निम्मी सहल ठरते.

आता माझी आवडती गोष्ट. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं असेल तर चतुर्थीला निघा. कोणतीही चतुर्थी चालेल, विनायकी किंवा संकष्टी. त्या दिवशी निघालात की पुढची प्रत्येक जागा जवळजवळ तिच्या योग्य वेळेला वाट्याला येते. कधी तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखादा दिवस पुढेमागे होईल, तेवढंच.

तिसरी पायरी: फोन करा, मग पैसे भरा

वेळास, आंजर्ले, वायंगणी अशा गावांत उतरायचं ते गावकऱ्यांच्या घरी. फोन केल्यावर आधी "खोली आहे का" विचारू नका. "घरटी किती आहेत, पहिल्या घरट्याचे दिवस कधी भरतात" हे विचारा. जो माणूस त्याचं नीट उत्तर देतो त्याच्याकडे उतरा. जेवण घरचंच असतं, घावने, आमटी, भात, सोलकढी, मागाल तर मासळी. ती आदल्या दिवशी सांगावी लागते. रोख पैसे जवळ ठेवा, कारण काही गावांत मोबाइलला रेंजच नसते.

एकदा मी एका सहल कंपनीतून गेलो होतो. पन्नास माणसांची बस, हातात कर्णा, आणि पिल्लं सोडायच्या वेळी पुढे घुसणारी गर्दी. पैशांतला मोठा वाटा शहरातच राहिला होता हे नंतर यजमानांच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून मी थेट घरी फोन करतो आणि तुम्हालाही तेच कळकळीने सांगतो. या किनाऱ्यावरची कासवं वाचली ती गावाने मनावर घेतलं म्हणून. गावाला त्यातून दोन पैसे मिळत राहिले पाहिजेत.

चौथी पायरी: रस्ता ठरवा

महामार्गाने सरळ खाली गेलात तर समुद्र दिसतच नाही. किनाऱ्याने जायचं असेल तर फेरीबोटींचा रस्ता धरा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार खाड्या गाडीसकट ओलांडता येतात. प्रत्येक ठिकाणी तासा-दीड तासाचा वळसा वाचतो, आणि खाडीच्या मधोमध वारा खात उभं राहिलं की घारी आणि कुरव पक्षी अगदी डोक्यावरून जातात. शेवटची फेरी कितीला हे आधी विचारून घ्या, चुकली तर रात्रीचा लांबचा घाटरस्ता पदरी पडतो.

चतुर्थी: ऐरोली, ठाणे खाडी

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथूनच होड्या सुटतात. फेरीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून आरक्षण आधी करावं लागतं.

भरती पूर्ण असताना गेलात तर होडी मजेत चालते, पण चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेलेले असतात आणि पक्षी पांगतात. नवी मुंबईतल्या पाणथळ तळ्यांवर जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला पक्षी मनसोक्त खात असतात, पण होडी जवळ जात नाही. हवी ती मधली वेळ, पाणी चढायला लागलेलं आणि चिखल अजून उघडा. चतुर्थीला ही वेळ उशिराची सकाळ ते दुपारचा एक अशी येते. पाणी चढतं तसे रोहित एकेक पाऊल मागे सरकत कांदळवनाकडे येतात आणि थवाच्या थवा होडीच्या समोर येतो.

इथे दोन जातींचे रोहित असतात. उंच, फिकट अंगाचा आणि गुलाबी चोचीचा तो मोठा. बुटका, गडद गुलाबी आणि काळपट लाल चोचीचा तो लहान, आणि गर्दी असते ती मुख्यतः त्याचीच. अंगाचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, चिखलपाण्यातल्या सूक्ष्म शैवालांतून. त्यामुळे खाडीचं पाणी बिघडलं तर आधी यांचं ताट रिकामं होतं. पलीकडे इमारतींची रांग, कारखाने, पूल, आणि अलीकडे हजारो पाखरं शांतपणे माना खाली घालून चरताहेत. मुंबईच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांनी हे एकदा तरी बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

होडीवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. थवा उडाला की त्याचा चरण्याचा वेळ बुडतो, आणि ओहोटी संपली की त्यांना पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागतं. दुपारी निघून रात्री मुरूडला मुक्काम.

पंचमी: फणसाड

रायगड जिल्ह्यातलं हे अभयारण्य एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये त्याला अभयारण्य जाहीर केलं. समुद्रापासून इतक्या जवळ इतकं दाट जंगल महाराष्ट्रात क्वचितच उरलं आहे. प्रवेश सुपेगावच्या बाजूने.

इथला शब्द लक्षात ठेवा: गाण. गाण म्हणजे पाणवठा. फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं आहेत. स्थानिक वाटाड्या घ्या, उजाडताच आत शिरा आणि चालत सुटण्याऐवजी एका गाणीजवळ तास-दीड तास हलायचं नाही असं ठरवून बसा. लोक चालत राहतात, पाचोळा वाजतो आणि मग "काहीच दिसलं नाही" म्हणून परत येतात. बसलात तर शेकरू नक्की भेटावा. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी झाडाच्या शेंड्यावरून खडखड आवाज काढतो आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेपावतो. सांबर, भेकर, पिसोरी (चिमुकलं हरीण) यांच्या खुणा चिखलात दिसतात. बिबट्या आहे, पण दिसेलच म्हणून येऊ नका. वर बघताना गारंबीचे वेल बघा, माणसाच्या मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले. शेंग हातभर लांब.

दहापर्यंत बाहेर पडा. आगरदांड्याहून दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, बागमांडला आणि पलीकडे वेसवी. वाटेत हरिहरेश्वरला थांबाल तर तिथल्या प्रदक्षिणेच्या खडकाळ वाटेवर भरती चढत असताना अजिबात उतरू नका. पंचमीला दुपारी तिथे पाणी चढतच असतं. त्या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

पंचमीची संध्याकाळ आणि षष्ठीची सकाळ: वेळास

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आज ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि दोन्ही ओळखी गाव अभिमानाने सांगतं. २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्र गरुडांचा अभ्यास करताना इथे आली आणि त्यांना वाळूत कासवाची फोडलेली, रिकामी घरटी दिसली. तेव्हा अंडी काढून नेली जायची, खाल्ली जायची. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला विश्वासात घेतलं, अंडी शोधणाऱ्यांनाच राखणीला लावलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांच्या आधाराने हे काम किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पसरलं.

काय घडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे बघताना अर्थ लागेल. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीड-दोन फुटांचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून थापटते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. कासवमित्र रात्री-पहाटे किनारा चालून तिचा माग शोधतात, अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा आणि त्याच घाटाचा खड्डा करून ठेवतात आणि तारखेची पाटी लावतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, कमी तापली तर नर.

म्हणून पाट्या वाचा. आज कोणत्या घरट्याचा कितवा दिवस आहे हे मोजा. दोन-तीन घरटी पन्नाशीला आलेली असतील तर तुमची शक्यता चांगली. तरीही किमान एक संध्याकाळ आणि एक सकाळ हातात ठेवा. पिल्लं सकाळी उन्हं चढण्याआधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडतात.

सोडताना दोरीच्या मागे उभं राहायचं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. लहान पिल्लू उजेडाकडे चालतं, कारण अंधारात समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं. तुमच्या मोबाइलचा दिवा त्याला उलट्या दिशेला नेतो. "पाण्यातच का नाही सोडत?" असं दर वेळी कुणीतरी विचारतं. वाळूवरून स्वतःच्या पायांनी जाण्यातच त्यांच्यात या किनाऱ्याची ओळख रुजते असं अभ्यासक मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परत येते ती त्याच ओळखीवर. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. पहिली लाट अंगावर आली की पिल्लू मागे फेकलं जातं, उलटं होतं, सरळ होतं आणि पुन्हा चालायला लागतं. माझी भाची दुसऱ्या खेपेला हे बघताना एक शब्द बोलली नाही. गावातल्या त्याच काकूंच्या कमरेला मिठी मारून उभी होती.

वेळासला गर्दी असेल तर आंजर्ले, केळशी, गुहागर, देवगडजवळचं तांबळडेग, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, रायगडात दिवेआगर, या सगळ्या किनाऱ्यांवर घरटी राखली जातात.

षष्ठीला सकाळी पिल्लं बघून निघा. आंजर्ले, दापोली, दाभोळची फेरीबोट, आणि संध्याकाळी गुहागर. या किनाऱ्याने अलीकडे अभ्यासकांना मोठी भेट दिली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह यंत्र बसवलेली 'बागेश्री' नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी असा समज त्यामुळे हलला. संध्याकाळी वाळूत चालताना गाड्यांच्या चाकांच्या खुणा दिसतील. वाळूवर गाडी घालू नका, कुणी घालत असेल तर नम्रपणे थांबवा. चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिल्लाला वर येता येत नाही, आणि चाकाच्या चरात पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही.

सप्तमी: वाशिष्ठीच्या मगरी

सप्तमीला पाऊणपट सव्वापाच, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या पुढे, खाडीत आत असल्याने त्याहून थोडी उशिरा. चिपळूणजवळ मालदोलीच्या बाजूला वाशिष्ठी खाडीत होडीने मगरी बघता येतात. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी ऊन खायला वर येऊन पडतात. जबडा उघडा टाकून निश्चल पडलेली मगर कुणावर रागावलेली नसते, ती अंगातली उष्णता सांभाळत असते. होडीत उभं राहू नका, हात पाण्यात घालू नका. दीड तासात होतं. मग महामार्गाने सरळ मालवण, रात्र होईल.

अष्टमी आणि नवमी: मालवण

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास. शिवरायांनी १६६४ मध्ये ज्या खडकावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच खडकांच्या उतारावर आज प्रवाळं आहेत. किल्ला बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पायाखालच्या या दुसऱ्या वसाहतीची कल्पना असते.

भांगाचे दिवस असल्याने पाणी निवळ आणि ओढ कमी. सकाळी लवकर जा, वारा दुपारनंतर उठतो. पोहता येत नसेल तरी जाकीट घालून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत बघता येतं, आणि पहिल्या खेपेला तेच करावं असं माझं मत आहे. स्कूबाच्या घाईत माणूस श्वासाकडेच लक्ष देत राहतो आणि मासे बघायचे राहून जातात. खोल शिकायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे नीट शिका.

होडी ठरवताना तीन प्रश्न विचारा. नांगर प्रवाळावर टाकता का? माशांना पाव टाकता का? एका वाटाड्यामागे किती माणसं? पाव टाकला की मासे गोळा होतात आणि फोटो छान येतो, पण शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे ते काम सोडून देतात. प्रवाळावर पाय टेकवू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत प्राण्यांची वसाहत असते, आणि बोटभर वाढायला तिला वर्षं लागतात.

डॉल्फिन बघायला देवबागकडून, कर्ली नदीच्या संगमापासून होड्या निघतात. होडीवाल्याला आधीच सांगा, "मागे लागायचं नाही, यंत्र बंद करून थांबायचं." अशाने डॉल्फिन कितीदा तरी आपणहून जवळून गेलेले मी पाहिले आहेत.

दशमी: वेंगुर्ल्याची कांदळवन सफर

मांडवी खाडीत स्थानिक महिलांच्या 'स्वामिनी' बचतगटाने २०१७ मध्ये ही सफर सुरू केली. वल्ह्याची होडी, यंत्राचा आवाज नाही, आणि वल्हवतात आणि माहिती सांगतात त्या ताईच. इथे भरती हवी. दशमीला पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी भरलेलं. मी एकदा उशिरा पोचलो तर ताई सरळ म्हणाल्या, "आता सुकती लागली, होडी चिखलात बसतली." त्या खेपेला काठावरून बघून परत यावं लागलं.

झाडं ओळखायला शिका, मग हिरवी भिंत उलगडत जाते. खोडापासून कमानीसारखी मुळं उतरलेली आणि शेवग्यासारख्या शेंगा लोंबणारी ती कांदळ. त्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं, खाली पडली की चिखलात उभी घुसतात किंवा तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतात. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली ती तिवर. तिच्या पानाची मागची बाजू जिभेला लावून बघा, खारट लागते, झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. जाड, सुळक्यासारखी श्वासमुळं ती चिपी. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. काटेरी पानांची, निळ्या फुलांची मारांडी काठाने वाढते. मुळांवर निवटे उड्या मारताना दिसतील, पाण्याबाहेर राहणारा मासा बघून मुलं होडी हलवून सोडतात, त्यांना घट्ट धरा. खंड्या तर प्रत्येक वळणावर.

एकादशी: चोडण

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट. तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ चं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. एकादशीला भरती सव्वाआठच्या पुढे आणि मग पाणी उतरत जातं. सकाळी आधी होडीने आतल्या ओहळांत जा, नंतर बांधावरून चाला. दहानंतर चिखल उघडा पडतो आणि तुतवार, बगळे, बलाक खाली उतरतात. पाणमांजरांच्या पायांचे ठसे मऊ चिखलात शोधा.

वेळ कमी असेल किंवा पाऊस असेल तर

हातात एकच दिवस असेल तर मुंबईकरांनी पनवेलजवळचं कर्नाळा पक्षी अभयारण्य गाठावं. १९६८ पासूनचं, महामार्गाला लागून, उजाडताच पोचलात तर नऊपर्यंत पाहून होतं. इथे भरतीचा संबंध नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये सिंधुदुर्गात असाल तर आंबोली घाट चढा. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रात्री जाणत्या वाटाड्यासोबत बॅटरी घेऊन निघालात की हिरवे उडते बेडूक, मलबारी चापडा हा विषारी साप, आणि फक्त या भागातच सापडणारा आंबोली भेक दिसतो. हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये जगाला नवी अशी माशाची जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडात पाय घालू नका.

पिशवीत काय हवं

दुर्बीण. कॅमेऱ्याआधी दुर्बीण घ्या, माणशी एक जमली तर उत्तम, कारण रांगेत वाट बघताना पक्षी उडून जातो. मळकट रंगाचे सुती कपडे, टोपी, ओले झाले तरी चालतील असे पट्ट्याचे बूट, चपला चिखलात अडकतात. लाल कागद लावलेली छोटी बॅटरी, किनाऱ्यावर रात्री चालण्यापुरती. पाण्याची स्वतःची बाटली. प्रवाळाच्या पाण्यात उतरताना अंगाला मलम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगरखा बरा. एक वही, तीत रोजची तिथी, भरतीची वेळ आणि काय दिसलं ते लिहा. आणि यजमानांच्या घरासाठी काहीतरी गोड. निघताना काकूंना पुढच्या वर्षीच्या घरट्यांची खबर फोनवर द्यायला सांगून ठेवा. पहिलं घरटं लागलं की त्या कळवतात, आणि तिथून पुढे पन्नास दिवस मोजायला तुम्ही मोकळे.